स्टामेनदाजी शाळा शोधतात

घाट उतरताना ब्रेक गेले तेव्हा आमचे स्टामेनदाजी गाणं म्हणत होते. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. सांगताना त्यांना त्या गाण्याचीच लाज जास्त वाटत होती. "गाणं म्हणत होतो रे मिल्को," म्हणाले, "म्हणजे बघ, मला काहीच कळलं नव्हतं."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, झ्लाटिनाताईचा नवरा. आमच्या रूसे गावातल्या पुलावरून डॅन्यूब ओलांडायला ट्रकांची रांग लागलेली असते. त्या रांगेत दाजींचं निम्मं आयुष्य गेलं. अंगाने आडदांड, आवाज खणखणीत, लग्नाकार्यात नाचायला सगळ्यांच्या पुढे. मी टॅक्सी चालवतो. त्यामुळे दाजींच्या मते मी ड्रायव्हर नव्हतोच. "तू खेळण्यातली गाडी चालवतोस," असं ते म्हणायचे.

त्या दिवशी ते सूर्यफुलाचं तेल घेऊन बाल्कनचा घाट उतरत होते. वळणावर पेडल दाबलं. पाय पेडलवर होता, पेडल जागेवर होतं, पण गाडीला त्याचा पत्ताच नव्हता. आरशात पाहिलं तर मागे धूर. गिअर खाली ओढला, इंजिन किंचाळलं, गाडी तशीच धावत राहिली. पुढे एक पांढरी बस होती. बसच्या मागच्या सीटवर एक बाई चीज भरलेली, पापुद्र्यांची बानित्सा खात बसली होती. तिची नजर दाजींच्या गाडीवर गेली, आणि ती खायची थांबली.

"तिचा चेहरा, मिल्को," दाजी म्हणाले, "मोठा मोठा होत होता."

ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी त्या उतारावर एका बाजूला खडीची पट्टी केलेली आहे. ती ऐन वेळी दिसली. दाजींनी स्टीअरिंग त्या बाजूला ओढलं आणि ट्रक पोटापर्यंत खडीत रुतला. पोलीस आले तेव्हा दाजी शुद्धीवर होते, खरचटलंसुद्धा नव्हतं, पण त्यांचे हात काही स्टीअरिंगवरून सुटेनात. पोलिसाला एकेक बोट सोडवावं लागलं.

नंतर तपासणी झाली. ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक कित्येक दिवसांपासून धरतच नव्हते. सगळा भार ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकच्या ब्रेकवर पडत होता, आणि त्या उतारावर ते जळून गेले. गाडी तर नुकतीच गॅरेजमधून तपासून आली होती! तपासणारा होता गेंचो, दाजींच्या रोजच्या उठण्याबसण्यातला. दाजी त्याच्या लग्नात नाचले होते.

आठवडाभराने दाजी म्हणाले, "मला गेंचोकडे ने." मी मनात म्हटलं, आज मारामारी होणार. गाडी गॅरेजच्या दारातच, पळायच्या तयारीत उभी केली.

गेंचो हात पुसत बाहेर आला. त्याचा चेहरा उतरलेला होता.

दाजींनी शांतपणे विचारलं, "ट्रेलरचे ब्रेक बघितले होतेस?"

"बघितले की. ब्रेकना हवा येत होती. काटा बरोबर होता."

"चाक उचलून, फिरवून, धरतंय का ते बघितलंस?"

गेंचोचे हात पुसता पुसता थांबले. मग म्हणाला, "तेही बघायचं असतं का?"

थट्टा नव्हती, चोरी लपवणंही नव्हतं. त्याने खरंच विचारलं होतं. दाजी परत येऊन गाडीत बसले आणि दार ओढून घेतलं. घर येईपर्यंत वाटेतले ट्रक मोजत राहिले. जिन्यात मात्र माझा दंड धरला.

"त्याला कुणी शिकवलंच नव्हतं रे. दोन-चार आठवडे कुठंतरी गेला, कागद घेऊन आला. असे किती असतील? पुलावर उभ्या असलेल्या त्या गाड्या सगळ्या... कुणी बघितल्या असतील?"

त्या दिवसापासून दाजींच्या डोक्यात भीती ठाण मांडून बसली. ते ट्रकवर चढेनात. माझ्या टॅक्सीतही पुढे बसेनात, कारण पुढे बसलं की त्यांचा उजवा पाय आपोआप गाडीचा तळ दाबायचा आणि पोटरीत गोळे यायचे. मागे बसायचे, दोन्ही हातांनी माझी सीट धरून. आमची आई म्हणायची, "जावई आता मंत्री झाले. मागे बसून हिंडतात." दाजी हसायचे, पण ओठांनीच. रस्त्याने ट्रक गेला की ते दुकानाच्या दारात सरकायचे. दिवसा सोफ्यावर डोळा लागला की पाय झाडत उठायचे.

एका रविवारी जेवताना दाजींनी चमचा खाली ठेवला. ताईने घेवड्याचं सूप केलं होतं, आई पाव कापत होती.

"मी मेकॅनिक होणार," दाजी म्हणाले. "मोठ्या गाड्यांचा. आधी शाळेत जाणार."

आईची सुरी थांबली. "या वयात शाळा? मग दप्तर मी शिवू की विकत आणता?"

"आई!" ताई म्हणाली.

"नाही, विचारते आपली. डबा द्यावा लागेल, केस विंचरून द्यावे लागतील."

दाजी म्हणाले, "केस उरलेत कुठे, सासूबाई!" सगळे हसलो. त्या अपघातानंतर ते पहिल्यांदाच थट्टा करत होते, म्हणून ताईने काही विरोध केला नाही. पण भांडी घासताना मला हळूच म्हणाली, "ट्रकच्या आवाजाने ज्याच्या हातातला कप सांडतो, तो ट्रकखाली कसा रे झोपणार?"

शाळा बघायला न्यायचं काम माझ्याकडे आलं. गाडी माझी, आणि वेळही माझ्याकडेच पडीक.

पहिली शाळा वार्नाला होती. नवीकोरी, सगळीकडे काचा. जमिनीवर तेलाचा थेंब नाही, जेवायला बसावं इतकी स्वच्छ. एका चटपटीत बाईंनी आम्हाला कॉफी दिली आणि एका मोठ्या पडद्यापुढे नेलं. पडद्यावर ट्रकचं इंजिन होतं. बोट लावलं की ते उघडायचं, फिरवलं की फिरायचं. तरुण मुलं कानाला हेडफोन लावून पडद्यावरच नटबोल्ट काढत होती.

"काही आठवड्यांत प्रमाणपत्र," बाई म्हणाल्या. "हात काळे करायची गरजच नाही."

दाजींनी विचारलं, "आणि ब्रेक चुकीचे बसवले तर?"

"तर पडदा लाल होतो. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं."

दाजींचा चेहरा पांढराफटक पडला. बाई घाबरल्या, पाणी आणायला धावल्या. दाजी तोवर बाहेर पायरीवर जाऊन बसले होते.

"चला दाजी, शाळा झकास होती की!"

"मिल्को, पुन्हा पहिल्यापासून कुणाला मिळतं रे?" ते म्हणाले. "ती बसमधली बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार होती का?"

दुसरी शाळा आमच्याच गावात होती, चालत जाण्याइतकी जवळ. सगळ्यांना हीच हवी होती. ताईला तर फारच. तिथले मुख्य मास्तर कुंचोकाका म्हणजे आख्ख्या रूसेला ठाऊक असलेला माणूस. मिशाळ, गडगडाटी, हात फावड्यासारखे. त्यांच्या शाळेत पडदेबिडदे नव्हते. खरे ट्रक होते, खरी घाण होती.

"या या, खडीतून आलेले वीर!" त्यांनी दाजींच्या पाठीवर थाप मारली. "ऐकलं मी सगळं. आमचा इथे एकच नियम. भ्यायचं नाही! लोखंड माणसाला ओळखतं. भ्यालात की चावतं."

मधोमध एक ट्रक एका बाजूने जॅकवर उचललेला होता. त्या बाजूचं चाक काढून ठेवलं होतं. कुंचोकाका म्हणाले, "शिरा खाली. काय दिसतं सांगा."

दाजी गुडघ्यावर बसले, वाकले आणि तिथेच थिजले. मी शेजारीच होतो, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. जॅकच्या जोडीला आधाराची लोखंडी घोडी लावलेली नव्हती. उरलेल्या चाकांना ठोकळे नव्हते. एवढा मोठा ट्रक त्या एकट्या जॅकवर तोललेला.

"घोडी कुठाय?" दाजींनी विचारलं. आवाज अगदी बारीक निघाला.

"घोडी?" कुंचोकाका खो खो हसले. "लग्नाला जायचंय का?" पोरंही हसली. "अरे ए लाझार, तू जा रे. पाहुण्यांना दाखव."

लाझार नावाचा धिप्पाड विद्यार्थी शीळ घालत खाली सरकला. त्याचे पाय तेवढे बाहेर राहिले. कुंचोकाका काहीतरी समजावत होते, माझं लक्ष त्यांच्याकडे होतं. दाजी मात्र जॅककडेच बघत होते. एकदम ते ओरडले. माणसाचा आवाज वाटला नाही तो. त्यांनी लाझारचे दोन्ही घोटे धरले आणि त्याला असा हिसडा दिला की पोराचा शर्ट पाठीवर फाटला.

ट्रक धाडकन पडला नाही. जॅकमधून तेल झिरपत होतं, आणि तो सावकाश, अगदी सावकाश खाली आला. म्हातारा माणूस खुर्चीत बसतो ना, तसा. खाली लाझारचा हत्यारांचा पत्र्याचा डबा राहिला होता. तो कुरकुरला, वाकला आणि चपटा झाला.

लाझार जमिनीवर बसून त्या डब्याकडे बघत होता.

"बघा," कुंचोकाका म्हणाले, "झालं का काही? कुणाला काही झालं का?" त्यांचा आवाज मोठाच होता, पण मिशा थरथरत होत्या.

घरी आल्यावर दाजी बूट न काढताच टेबलाशी बसले. ताईने सगळं माझ्याकडून काढून घेतलं आणि स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

"बास झालं, स्टामेन. धान्याच्या गोदामात पहारेकरी हवाय. खुर्चीत बसायचं, पोत्यांकडे बघायचं. पोती कुणाच्या अंगावर येत नाहीत."

"येतात की. थप्पी नीट लावली नसेल तर येतात."

"थट्टा नको करूस! त्या दिवशी पोलिसाचा फोन आला तेव्हा मी बेकरीत कामावर, भट्टीपाशी होते. तो म्हणाला, तुम्ही झ्लाटिना का? आणि मग खोकला. नुसता खोकला रे, पण तेवढ्या वेळात मी विधवा झाले होते. मला पुन्हा ते नको."

दाजी बराच वेळ टेबलावरच्या पावाच्या चुऱ्याशी खेळत राहिले.

"मला रोज भीती वाटते, झ्लाटी," ते म्हणाले. "गोदामात बसून पण वाटणारच. पुलावरून गाडी गेली की वाटणार, हिला गेंचोने बघितलं असेल. नुसतं बसून भ्यायचं म्हणजे... त्यापेक्षा हातात पाना घेऊन भितो."

ताई रडली. मग उठली, नाक पुसलं आणि म्हणाली, "अजून एकच शाळा. तिथेही असंच निघालं तर पोती."

ती तिसरी शाळा नेमकी कझानलिकला होती, घाटापलीकडे. आगगाडीने जाता आलं असतं. मी तसं म्हटलंही. दाजी म्हणाले, "नको. रोज जायचं तर रस्ता माहीत हवा." रोज कुठला जाणार होता हा माणूस, पण मी गप्प बसलो.

घाट चढताना ते बोलत होते. माथ्यावर गप्प झाले. उतार लागला तशी माझ्या सीटला मागून पकड बसली, इतकी घट्ट की माझीच पाठ ताठ झाली. मी हळू चाललो. मागून लोक हॉर्न देत होते. एक जण काच खाली करून माझ्या आईचा उद्धार करून गेला.

"दाजी, थांबू का?"

"नको."

"घाम फुटलाय तुम्हाला."

"रस्त्याकडे बघ!"

वळण घेतलं आणि ती खडीची पट्टी दिसली. कुणीतरी पुन्हा नीट सारखी करून ठेवली होती. तिथे काही झालं होतं असं वाटलंच नसतं. दाजींनी डोळे मिटले नाहीत. ती मागे जाईपर्यंत मान वळवून बघत राहिले, आणि मग माझ्या कानाशी लहान मुलासारखा एक हुंदका आला. मी आरशात बघितलं नाही.

शाळा गावाबाहेर, एका जुन्या बसडेपोत होती. तिथल्या मास्तरीणबाई एव्हदोकिया पन्नाशीच्या, बुटक्या, हळू बोलणाऱ्या. इतक्या हळू की त्यांचं ऐकायला पोरांना हातातलं काम थांबवावं लागायचं. त्यांनी दाजींना आधी भिंतीजवळ नेलं. तिथे कुलपं टांगलेली होती, प्रत्येकावर एकेक नाव.

"ज्या गाडीखाली शिरायचं तिची किल्ली डब्यात टाकायची आणि डब्याला आपलं कुलूप लावायचं," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही खाली असताना कुणी गाडी सुरू करणार नाही. कुलपाची किल्ली तुमच्याच खिशात. मला सुद्धा द्यायची नाही."

दाजींनी आधी घोड्या बघितल्या. होत्या. ठोकळे बघितले. तेही होते. तरी त्यांचे खांदे सैल पडले नाहीत.

बाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं. "तुम्हाला भीती वाटते का?"

मला वाटलं, दाजी आता नाही म्हणणार. मास्तरांपुढे हो कोण म्हणतं!

"खूप," दाजी म्हणाले. "आणि नुसती माझीच नाही. मी बसवलेल्या ब्रेकवर दुसरा कोणी घाट उतरणार, त्याची जास्त."

"हं," बाई म्हणाल्या. "मला पण वाटते. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. ज्याने ब्रेक केले तो पहिल्या फेरीला गाडीत बसतो. गाडी मी चालवते, मागच्या टेकडीच्या उतारावर. भरलेली गाडी. आज राद्काने केलेत. ती बसणार आहे. केबिनमध्ये अजून एक जागा आहे."

राद्का म्हणजे एक विशीतली पोरगी, गालाला ग्रीस लागलेलं. तिने दाजींकडे बघितलं आणि म्हणाली, "या ना काका. मी तीनदा तपासलेत. पण मला पण धाकधूक होतेय."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? मी खेळण्यातली गाडी चालवणारा माणूस. ते ट्रकपाशी गेले, पायरीवर पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग वर चढले. अपघातानंतर पहिल्यांदा.

मी उताराच्या तळाशी जाऊन उभा राहिलो. ट्रक माथ्यावर दिसला, मग खाली येऊ लागला. वेग वाढत गेला. त्या खडीतल्या ट्रकची आठवण मला नव्हती, मी तिथे नव्हतोच, तरी मला ती आली. मध्यावर ब्रेकचा फुस्स आवाज झाला आणि एवढी भरलेली गाडी वेसण ओढलेल्या बैलासारखी जागच्या जागी दबली. थांबली. पुन्हा सुटली, पुन्हा थांबली. तळाशी येईपर्यंत असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही.

दार उघडलं. दाजी उतरले, चाकाला धरून वाकले आणि भडाभडा ओकले. राद्का त्यांची पाठ चोळत होती. ती स्वतःच थरथरत होती आणि हसतही होती. एव्हदोकियाबाई पाण्याची बाटली घेऊन शांतपणे उभ्या राहिल्या.

दाजींनी चूळ भरली, तोंड पुसलं. म्हणाले, "माझं कुलूप कुठं मिळेल?"

ताईने पोत्यांचं नाव पुन्हा काढलं नाही. दाजी कझानलिकला खोली घेऊन राहिले, सुट्टीला आगगाडीने घरी यायचे. शिकणं सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. सुरुवातीला ते गाडीखाली शिरले की तोंडाने सतत बोलत राहायचे, कारण गप्प राहिलं की त्यांना ब्रेकचा तो धूर दिसायचा. पोरं त्यांना रेडिओ म्हणायची. परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले. काही चुकलं म्हणून नव्हे, तर प्रत्येक नट इतक्यांदा तपासला की वेळच संपला. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "कोपऱ्यात उभं केलं का हो तुम्हाला?" पण त्या रविवारी तिने जावयासाठी ढोबळ्या मिरच्या भाजून सोलून ठेवल्या होत्या, आणि ते काम ती फक्त सणालाच करते. दुसऱ्या खेपेला दाजी पास झाले.

आता पुलाच्या अलीकडे एका गॅरेजात ते काम करतात. घाई असलेला ड्रायव्हर त्यांच्याकडे जात नाही. एकदा एक तुर्की ड्रायव्हर हात जोडून, मग शिव्या देऊन, मग पुन्हा हात जोडून किल्ली मागत होता, आणि दाजी खिशावर हात ठेवून नुसती मान हलवत होते. सगळे त्यांना 'भित्रा स्टामेन' म्हणतात. लांबच्या वाटेवर निघण्याआधी मात्र तेच लोक त्यांच्याच दारात रांग लावतात.

भीती गेली का? छे. उलट आता ती गाडीगणिक वाटली गेली आहे. ज्याचे ब्रेक करतात त्याला ते बजावतात, "घाट उतरलास की मला फोन करायचा." बाकी काही बोलायचं नाही, फक्त 'उतरलो' म्हणायचं. बहुतेक जण करतात.

गेल्या शरदात एकाने केला नाही. मी दुपारी गॅरेजवर बानित्सा घेऊन गेलो होतो. दाजी फोन टेबलावर ठेवून उभे होते, बसत नव्हते. रंग उडालेला. ताईला कुणी काही कळवलं नव्हतं, तरी ती भट्टीवरून तशीच पिठाच्या हातांनी आली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली. खायला कुणी हात लावला नाही. शेवटी फोन वाजला. दाजींना तो उचलता येईना, बोटं घसरत होती. ताईनेच उचलला.

"अहो, मिस्त्री आहेत का?" पलीकडून तोंडात घास असलेला आवाज. "मघाशीच उतरलो. इथं भेंडीचं सूप इतकं फर्मास मिळालं की विसरूनच गेलो बघा."

ताईने त्याला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. दाजी खुर्चीत बसले. बराच वेळ तळहातांनी तोंड झाकून बसले होते. मग हात खाली घेतले, बानित्साचा तुकडा मोडला आणि पहिला ताईच्या हातावर ठेवला.